मळमळ, उलटी, हुडहुडी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातले नगरपरिषदेचे गाव. कालव्याचे पाणी, ऊस आणि साखर कारखाने यांच्यावर उभ्या राहिलेल्या या पट्ट्यात कुणाच्या पित्ताशयात खडे निघाले, की पुढच्या वाटा ठरलेल्या असतात. राहुरी-श्रीरामपूरचा एखादा दवाखाना, नाहीतर अहिल्यानगर, नाहीतर लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय. सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन घरची माणसे सर्जनला जे विचारतात तेही ठरलेले : दुर्बिणीतून होईल का, टाके किती पडतील, खर्च किती, सुट्टी कधी. भूल देणाऱ्या डॉक्टरला विचारलेच तर एवढेच, की ‘शुद्धीवर येईल ना?’

शुद्धीवर येणे आणि बरे वाटणे यांच्यामध्ये काही तास असतात. त्या तासांत रुग्णाला मळमळते, उलट्या होतात, दात वाजेपर्यंत हुडहुडी भरते. हे का होते, कुणाला होते, आधीच रोखता येते का, याचा अभ्यास करणारे एक सबंध क्षेत्र आहे. त्याच्या दाराशी आलेल्यांसाठी ही प्रस्तावना : भूलशास्त्रात एम.डी. करायला आलेले निवासी डॉक्टर, रिकव्हरी रूममधल्या सिस्टर, ओटीतले तंत्रज्ञ, आणि स्वतःच्या किंवा घरच्या शस्त्रक्रियेमुळे ज्यांना हे जाणून घ्यावेसे वाटले ते वाचक. शेवटच्यांना मी मुद्दाम बोलावतो आहे. या क्षेत्रातली निम्मी माहिती त्यांच्याच तोंडून येते.

आधी थोडा इतिहास, कारण या त्रासाला महत्त्व कधी आले हे त्याशिवाय कळत नाही. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली केली. पुढे शंभर वर्षे ती पोट उघडूनच होत राहिली. १९८५मध्ये जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, आणि भारतात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० साली, डॉ. तेहेमतन उडवाडिया यांच्या हातून. उडवाडिया १९७२पासून जे. जे.मध्ये दुर्बिणीने पोटाची तपासणी करत होते. दुर्बीण ही श्रीमंतांच्या रुग्णालयाची चैन नसून गरीब रुग्णालाच तिची जास्त गरज आहे, कारण त्याला लवकर कामावर परतावे लागते, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे २०२३मध्ये निधन झाले, तोवर ही शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावी पोचलेली होती.

पोट चिरून पित्ताशय काढत तेव्हा रुग्ण आठवडा-दहा दिवस खाटेवर असायचा. जखमेच्या दुखण्यापुढे पहिल्या रात्रीच्या दोन उलट्या कुणाच्या लक्षातही राहत नसत. दुर्बिणीने जखम चार छोट्या छिद्रांवर आणली आणि सुट्टी दुसऱ्या दिवसावर. आता रुग्णाला खाटेला खिळवून ठेवते ती बहुतेक वेळा जखम नसते. पाणी पोटात ठरत नाही, म्हणून सलाईन काढता येत नाही, म्हणून घरी सोडता येत नाही. शस्त्रक्रिया जितकी हलकी झाली तितका हा ‘किरकोळ’ त्रास मोठा झाला. उलटी हा भुलीचा जुना सोबती आहे, १८४८च्या सुमारास जॉन स्नो यांनी तो टिपलेला आहे आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लगेच हलवले तर उलटी जास्त होते हेही त्यांनी नोंदवले आहे. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना हे अजूनही सांगावे लागते : वळणावर जरा हळू.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत उलटी इतकी का होते? प्रतिबंधक औषध न देता पाहिले तर अनेक अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास झालेला दिसतो. सगळ्या शस्त्रक्रिया मिळून हे प्रमाण तीसएक टक्के असते. मेंदूत चौथ्या पोकळीच्या तळाशी एक जागा आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत कच्ची आहे. भुलीचा वायू, वेदनाशामक अफूवर्गीय औषधे, रक्तात जे काही परके आले त्याची खबर तिला लागते. दुसरी वर्दी पोटातून येते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये सेरोटोनिन साठलेले असते, शरीरातले बहुतांश सेरोटोनिन तिथेच. शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, आतडी बाजूला सारतात, पित्ताशय यकृतापासून सोडवतात. या हाताळणीने सेरोटोनिन सुटते आणि व्हेगस चेतातंतू ती वर्दी वर पोचवतो. तिसरी वाट कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातून येते. या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी मिळतात, म्हणून एकच औषध देऊन सगळ्यांची उलटी थांबत नाही. एक वाट बंद केली तरी दुसरी उघडी राहते.

पण या क्षेत्राला खरे वळण मिळाले ते ‘कुठली शस्त्रक्रिया’ हा प्रश्न मागे ठेवून ‘कोणता रुग्ण’ हा प्रश्न पुढे आणल्यावर. १९९९मध्ये ख्रिश्चन आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार प्रश्नांचा एक साधा गुणांक मांडला. रुग्ण स्त्री आहे का? ती धूम्रपान न करणारी आहे का? आधीच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या होत्या का, किंवा प्रवासात मळमळते का? शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणार आहे का? चारांपैकी एकही ‘हो’ नसेल तर त्रासाची शक्यता सुमारे १० टक्के. एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८० टक्क्यांच्या आसपास. ना रक्ततपासणी, ना यंत्र, ना खर्च.

आता हा गुणांक घेऊन देवळालीच्या एखाद्या पंचेचाळिशीच्या बाईपाशी बसा. ‘प्रवासात मळमळते का?’ असे पुस्तकी विचारले तर ती ‘नाही’ म्हणेल, कारण प्रवास म्हणजे तिच्या मनात पंढरपूर नाहीतर तुळजापूर. ‘एस.टी. लागते का?’ असे विचारा. ती हसून सांगेल, की राहुरीपर्यंतसुद्धा खिडकीपाशी बसावे लागते. एक गुण तिथेच वाढला. स्त्री असण्याचा एक, विडी-सिगारेट न ओढण्याचा एक, एस.टी.चा एक. वेदनाशामक देण्याआधीच ती ६० टक्क्यांच्या घरात आहे. पित्ताशयाचे खडे पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त, आणि आपल्या गावाकडे धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया फार थोड्या. म्हणजे ही शस्त्रक्रिया होणाऱ्या आपल्या बहुसंख्य रुग्ण जोखमीच्या वरच्या टोकालाच असतात. निवासी डॉक्टरांनी हे पहिल्याच आठवड्यात मनावर कोरून घ्यावे.

आणि इथेच एक गोष्ट मला नव्या अभ्यासकापुढे ठेवायची आहे. आप्फेल यांचा गुणांक फिनलंडमधल्या औलू आणि जर्मनीतल्या व्युर्झबर्ग या दोन केंद्रांतल्या रुग्णांवर बेतलेला आहे. तिथे ‘धूम्रपान न करणारी’ याचा अर्थ सरळ होता. आपल्याकडची बाई धूम्रपान करत नाही, पण तिच्या चुलीजवळच्या कोनाड्यात मिश्रीची डबी असते. सकाळ-संध्याकाळ ती भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना लावते. निकोटिन तिच्या रक्तात रोज जाते. तिला गुणांकात कुठे बसवायचे? ओढणाऱ्यांत, की न ओढणाऱ्यांत? हा प्रश्न औलूत सुटणार नाही. तो लोणीत, मिरजेत, सोलापुरात, धुळ्यात सुटेल. प्रवेशाच्या वेळी ‘व्यसन?’ या रकान्यात ‘नाही’ लिहून पुढे जाणाऱ्याला हा प्रश्न दिसणारसुद्धा नाही. जो ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?’ असे विचारील त्याच्या हाती एक खरा विषय लागेल.

औषधांकडे वळू. औषधे बरीच आहेत, पण सुरुवातीला तीन-चार पुरेत. ओंडान्सेट्रॉन, ज्याला वॉर्डात सगळे ‘एमसेट’च म्हणतात, सेरोटोनिनची वाट अडवते. ४ मिलिग्रॅम, शस्त्रक्रिया संपत आली की. त्याचा अंमल काही तासांचा. त्याच कुळातल्या पॅलोनोसेट्रॉनचा अर्धायुकाल सुमारे ४० तासांचा आहे, म्हणून ०.०७५ मिलिग्रॅमची एक मात्रा दुसऱ्या दिवसापर्यंत साथ देते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४ ते ८ मिलिग्रॅम, तेही भूल चढल्याबरोबर, कारण त्याला काम सुरू करायला वेळ लागतो, आणि जागेपणी भर्रकन टोचले तर रुग्णाला जांघेत अशी विचित्र खाज आणि आग होते की तो खाटेवर उठून बसतो. स्टेरॉइडमुळे जखम चिघळेल ही सर्जनची धास्ती जुनी आहे. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ८,०००हून अधिक रुग्णांत ८ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने जखमेचा संसर्ग वाढलेला दिसला नाही, आणि त्या रुग्णांत मधुमेहीही होते. साखर मात्र वाढते. ती तपासावीच.

या औषधांची बेरीज कशी करायची हे २००४ साली पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या एका चाचणीने दाखवले. ओंडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रॉपेरिडॉल हे आणखी एक उलटीरोधक औषध, या तिघांनीही प्रत्येकी जोखीम सुमारे २६ टक्क्यांनी कमी केली. श्वासातून द्यायच्या वायूऐवजी प्रोपोफॉलवर भूल ठेवली तर १९ टक्क्यांनी. महत्त्वाचे हे, की प्रत्येक उपाय उरलेल्या जोखमीतून आपला हिस्सा कापतो. आपल्या एस.टी. लागणाऱ्या बाईची जोखीम ६० धरली, तर पहिल्या औषधाने ती ४४वर येते, दुसऱ्याने ३३वर, तिसऱ्याने २४वर. पहिल्या औषधाने सोळा टक्के गेले, तिसऱ्याने नऊ. आणि ज्याची मूळ जोखीमच १० आहे त्या सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला पहिल्या औषधाचाही लाभ अडीच टक्क्यांपलीकडे नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना सारखे औषध देणे हे ना शास्त्र, ना काटकसर. २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना एक-दोन जोखमी असतील तर दोन उपाय आणि त्याहून जास्त असतील तर तीन-चार उपाय एकत्र करायला सांगतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या आपल्या बहुतेक स्त्रियांना एका एमसेटवर सोडणे म्हणजे त्यांना उलटीच्या स्वाधीन करणे होय. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

इथवरचे आकडे विश्वासाने सांगता येतात, पण या क्षेत्रात विश्वास फुकट मिळालेला नाही. नवख्याला हा भाग कुणी सांगत नाही. मला तो सगळ्यांत आधी शिकवावासा वाटतो.

१९९०च्या दशकात जपानमधले योशिताका फुजी नावाचे भूलतज्ज्ञ ग्रॅनिसेट्रॉन या औषधावर निबंधामागून निबंध प्रसिद्ध करत होते. त्यांतले कितीतरी दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतरच्या उलटीवर होते, म्हणजे नेमके आपल्याच विषयावर. निकाल सुंदर, गट समसमान, औषध गुणकारी. २००० साली पीटर क्रान्के, आप्फेल आणि रोएवर या तिघांनी एका नियतकालिकाला पत्र लिहून दाखवून दिले, की या निबंधांत डोकेदुखीसारख्या दुष्परिणामांचे आकडे निरनिराळ्या गटांत जवळजवळ तंतोतंत सारखे येतात, आणि खऱ्या रुग्णांत असे होत नसते. पत्र छापून आले. पुढे दहा-अकरा वर्षे फुजी यांचे निबंधही छापून येत राहिले. २०१२मध्ये इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजी यांच्या १६८ चाचण्यांतली रुग्णांची वये, वजने, उंची असे आकडे घेऊन तपासले, की योगायोगाने जेवढा फरक गटागटांत पडायला हवा तेवढा पडतो का. पडत नव्हता. इतके नीटनेटके आकडे निसर्ग देत नाही. त्याच वर्षी जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २१२ निबंध तपासून १७२ निबंधांत बनावट आकडे असल्याचे जाहीर केले. त्यांपैकी १२६ तर मुळापासून रचलेले होते. रुग्ण नव्हतेच.

ज्यांनी कधी भूल घेतलीच नाही अशा कागदी रुग्णांच्या आधाराने जगभर खऱ्या रुग्णांना औषधे दिली गेली. जुन्या आढाव्यांतून ते आकडे उपसून काढावे लागले, हिशेब पुन्हा मांडावे लागले. २०२०चा कॉक्रेन आढावा ५८५ चाचण्या आणि ९७ हजारांहून अधिक रुग्णांवर उभा आहे, आणि ग्रॅनिसेट्रॉन त्यातही गुणकारीच ठरले आहे. म्हणजे औषध खरे होते, माणूस खोटा होता. त्याने रुग्ण बनावट उभे केले नसते तरी औषधाने आपली लायकी सिद्ध केलीच असती.

हे एवढ्या विस्ताराने सांगायचे कारण तुमचा थिसिस आहे. आपल्याकडे भूलशास्त्रात एम.डी. करणाऱ्याला प्रबंध लिहावाच लागतो, आणि ‘दोन औषधांची तुलना, दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया, साठ-सत्तर रुग्ण’ हा तर हमखास विषय. वरिष्ठांना तो सोपा वाटतो, कनिष्ठांना सुटसुटीत. पण रात्री अडीच वाजता सहा तासांचा रकाना भरायला वॉर्डात कुणी गेले होते का, हा प्रश्न त्या प्रबंधाच्या प्रत्येक तक्त्याखाली असतो. सकाळी राउंडच्या आधी तीनही रकान्यांत शून्य लिहून टाकणे फार सोपे आहे. मळमळ दिसत नाही. उलटी बादलीत दिसते, हुडहुडी अंगावर दिसते, मळमळ विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या बायका तर विचारल्यावरही ‘काही नाही’ म्हणतात, कारण पुरुष डॉक्टर उभा आहे, सासू शेजारी बसली आहे. सिस्टरने हळूच विचारले की कळते : ‘जीव घाबरा होतोय, उमासे येतात, पित्त झालंय बहुतेक.’ मग ती गोंधळून विचारते, ‘पित्ताची पिशवी तर काढली ना, मग आता पित्त कशाचं?’ तिला नीट उत्तर द्या. पिशवी काढल्याने पित्त बनायचे थांबत नाही, आणि ही मळमळ पित्ताची नाही, भुलीची आणि पोटातल्या हाताळणीची आहे, उद्यापर्यंत जाईल. एवढे सांगितले तरी तिची निम्मी धास्ती उतरते.

हुडहुडीकडे आता यायला हवे. उलटीच्या मानाने तिच्यावर कमी लिहिले गेले आहे, आणि तिची गंमत निराळी आहे. रुग्ण तापाने कुडकुडतो तेव्हा शरीर तापमान वाढवत असते. भुलीनंतर बहुतेक वेळा ते गमावलेले तापमान परत मिळवत असते. जागेपणी आपले शरीर गाभ्याच्या तापमानात अंशाच्या काही दशांशांचाही फरक सहन करत नाही. लगेच घाम तरी येतो, नाहीतर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात. भूल ही राखण सैल करते आणि दोन-चार अंशांपर्यंत शरीर काहीच करत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात आणि गाभ्यातली ऊब हातापायांकडे पसरते. डॅनियल सेसलर यांनी हे बारकाईने मोजून दाखवले : पहिल्याच तासात गाभ्याचे तापमान एक ते दीड अंश सेल्सियसने उतरते, आणि त्यातला मोठा वाटा बाहेरच्या थंडीचा नसून या आतल्या वाटपाचा असतो. त्यात वातानुकूलित ओटी, कपाटातून काढलेले गार सलाईन, पोटात सोडलेला कोरडा गार वायू. भूल उतरली की मेंदूला जाग येते आणि कळते, की आपण गारठलो आहोत. मग हुडहुडी भरते. कुठे २० टक्के रुग्णांना, कुठे ६० टक्क्यांच्याही वर.

ती पाहिलेल्याला विसरता येत नाही. दात वाजतात, ट्रॉलीचे कठडे खडखडतात, मॉनिटरवरची हृदयाची रेघ दातेरी होते, रक्तदाबाचा पट्टा फुगतो, सुटतो, पुन्हा फुगतो आणि आकडा देत नाही. नव्या टाक्यांवर ताण येतो. प्राणवायूची गरज दुपटीपर्यंत आणि त्याहूनही वर जाऊ शकते. तरुणाला ते निभते, हृदयविकाराच्या म्हाताऱ्याला निभेलच असे नाही. दाराच्या फटीतून पाहणाऱ्या नातेवाइकांना वाटते, काहीतरी बिघडले.

जेव्हा ती भरते तेव्हा पेथिडिन २५ मिलिग्रॅम शिरेतून दिले की काही मिनिटांत थांबते, हे जुने आणि भरवशाचे ज्ञान आहे. पण अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याखालचे हे औषध ठेवायचे म्हणजे परवाना, कुलूप, नोंदवही. छोट्या दवाखान्यात ते बहुधा नसते. तिथे ट्रामाडॉल दिले जाते. तेही हुडहुडी थांबवते, आणि मळमळ आणते. आमच्या विषयाची खरी गाठ इथे आहे. एका त्रासाचा इलाज दुसऱ्या त्रासाचे कारण होतो. उलट बाजूने पाहिले तर उलटीसाठी दिलेले ओंडान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन हुडहुडीही काही प्रमाणात कमी करतात असे अनेक चाचण्यांत आढळले आहे, कारण तापमान राखण्याच्या यंत्रणेतही सेरोटोनिनचा हात आहे. डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचे औषध हुडहुडी रोखते, अफूवर्गीय औषधांची गरजही घटवते, पण नाडी मंद करते आणि रुग्ण गुंगीत राहतो. रिकव्हरीत एकच सिस्टर चार खाटा सांभाळत असेल तर ही गुंगी परवडते का, हाही औषधाच्या निवडीतलाच प्रश्न आहे. म्हणून मळमळ, उलटी आणि हुडहुडी यांचा अभ्यास वेगवेगळ्या वह्यांत करू नका. एकाच रुग्णाच्या एकाच कागदावर तिघांची नोंद हवी. वेदनेचीही. छिद्रांच्या जागी भुलीचे इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल यांवर वेदना जितकी आटोक्यात राहील तितके अफूवर्गीय औषध कमी लागेल, आणि तितकी मळमळ कमी.

ऊब जपणे हे मात्र निर्विवाद. किती जपायची यावर या क्षेत्राने अलीकडेच आपले मत दुरुस्त केले आहे, आणि ती दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. १९९६मध्ये आंद्रेआ कुर्झ, सेसलर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांत दाखवले, की गारठलेल्या रुग्णांत जखमेचा संसर्ग १९ टक्के, ऊबदार ठेवलेल्यांत ६ टक्के. पंचवीस वर्षे हा आकडा पाठ केला गेला. मग सेसलर यांनीच पाच हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी घेतली. ती २०२२मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तापमान ३५.५ अंशांवर राखले काय किंवा ३७वर राखले काय, हृदयविकाराच्या धक्क्यात किंवा संसर्गात फरक पडला नाही. ज्याने नियम घातला त्यानेच त्याची मर्यादा मोजली. फुजी यांच्या शेजारी हे उदाहरण ठेवून पाहावे. रुग्णाला गारठू द्या असा याचा अर्थ नाही. ३५.५च्या खाली जाऊ देऊ नये, आणि हुडहुडीचा त्रास रुग्णाला होतोच. ३७चा अट्टहास नको, एवढाच.

गावाकडच्या रुग्णालयात यातले बरेच स्वस्तात होते. भूल देण्याआधी पंधरा-वीस मिनिटे रुग्णाला गरम हवेच्या पांघरुणाखाली ठेवले, की हातपाय आधीच ऊबदार असतात आणि गाभ्यातली ऊब तिकडे पळत नाही. ते यंत्र नसेल तर दोन ब्लँकेट, पायांत मोजे, डोक्याला रुमाल. सलाईन गरम करायची सोय हवी, पण गरम पाण्याच्या पिशव्या अंगाला लावू नका, भुलीतल्या माणसाला भाजलेले कळत नाही. आणि उपाशी ठेवण्याची आपली रीत आता बदलायलाच हवी. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ असे सांगितलेली बाई पहाटे उठून, दोन वाहने बदलून रुग्णालयात येते आणि तिचा नंबर दुपारी दोनला लागतो. चौदा तास कोरडी. हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हे बहुतेक निरोगी रुग्णांसाठी गेली पंचवीस वर्षे मान्य आहे. कोरडे शरीर जास्त मळमळते. शिरेतून पुरेसे द्रव दिल्यानेही मळमळ घटते. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांमधल्या बिंदूवर दाब दिल्याने उलटी कमी होते, आणि त्यामागचा पुरावा कित्येक भूलतज्ज्ञांना वाटतो त्यापेक्षा भक्कम आहे. मळमळ सुरू झालीच तर स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून दोन-तीन दीर्घ श्वास घ्यायला सांगा. बऱ्याच जणांना औषध येईपर्यंत उतार पडतो. बोळा प्रत्येक ट्रेमध्ये असतोच.

लोणीला १९५०मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि १९८४मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. ऊसतोडणी करणारे, शेतमजूर, कारखान्याचे कामगार आणि निवासी डॉक्टर एकाच आवारात भेटतात अशी जागा या अभ्यासाला फार सोयीची आहे. युरोपच्या मोठ्या चाचण्यांत नसलेला रुग्ण इथे रोज दाखल होतो : पन्नास किलोच्या आतला, रक्त कमी असलेला, मिश्री लावणारा, उन्हातून आलेला. त्याला किती मिलिग्रॅम पुरते, त्याचे तापमान किती उतरते, घरी जाताना त्याला त्रास होतो का, हे त्याच्याच नोंदीतून कळेल. शेवटचा प्रश्न तर अगदीच दुर्लक्षित आहे. सुट्टी झाल्यावर देवळालीच्या वाटेवर एस.टी.त झालेली उलटी कुठल्याच प्रबंधात येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक फोन केला तर येईल.

या क्षेत्रात येणाऱ्यांकडे मी तीन गोष्टी मागतो. शस्त्रक्रियेआधी रुग्णाशेजारी बसून चार प्रश्न तिच्या बोलीत विचारा आणि पाचवा मिश्रीचा विचारा. ओटीत तापमान मोजा, भूल चढल्यावर, मध्ये आणि शेवटी. आणि रिकव्हरीत दोन तासांनी, सहा तासांनी, चोवीस तासांनी स्वतः जा, किंवा सिस्टरने केलेल्या नोंदीवर तिचे नाव घालून ती वापरा. एखाद्या वेळी जमले नाही तर तो रकाना रिकामा सोडा. रिकाम्या रकान्याचा हिशेब संख्याशास्त्राला करता येतो, खोट्या शून्याचा येत नाही.